मोटारींच्या गर्दीवर शुल्काचा उपाय : लंडनच्या अनुभवाचा आढावा

महानगराच्या मध्यवर्ती भागात खासगी मोटार घेऊन येणाऱ्याकडून त्या दिवसापुरते शुल्क घ्यावे आणि त्यातून मिळणारा पैसा सार्वजनिक वाहतुकीवर खर्च करावा, ही कल्पना ब्रिटनची राजधानी लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी प्रत्यक्षात आणली. 'कंजेशन चार्ज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेला मराठीत गर्दी शुल्क म्हणता येईल. दोन दशकांहून अधिक काळच्या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. शहराच्या गाभ्यातील मोटारींची संख्या ठरवून कमी करता येते, ही पहिली. मोटारी कमी झाल्यामुळे रिकामी होणारी जागा आपोआप नागरिकांच्या वाट्याला येत नाही. ती कोणाला द्यायची हे ठरवले नाही तर ती पुन्हा वाहनांनीच भरते, ही दुसरी. वाढत्या मोटारींमुळे कोंडी सोसणाऱ्या भारतीय महानगरांच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

कल्पनेचा उगम

शहरातील रस्ता हा मर्यादित साधनांपैकी एक आहे. तरीही तो वापरताना, कितीही गर्दी असली तरी, वाहनचालकाला वेगळे मोल मोजावे लागत नाही. गर्दीच्या वेळी रस्त्यावर आलेली प्रत्येक नवी मोटार स्वतः तर अडकतेच, शिवाय मागच्या सर्वांना थोडा थोडा उशीर करते. या उशिराची किंमत मात्र तिचा चालक देत नाही. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९५० च्या दशकापासून हा मुद्दा सातत्याने मांडला आणि गर्दीच्या वेळी रस्त्याच्या वापराचे मोल आकारण्याची सूचना केली. त्यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार जाहीर झाला आणि त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

ब्रिटन सरकारने नेमलेल्या रूबेन स्मीड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६४ मध्ये असे शुल्क तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचा अहवाल दिला. परंतु मोटारमालक मतदारांचा रोष ओढवून घेण्यास कोणताही पक्ष तयार नव्हता. त्याऐवजी रस्ते रुंद करण्यावर भर देण्यात आला. लंडनभोवती आणि लंडनमधून जाणाऱ्या वर्तुळाकार द्रुतगती मार्गांची मोठी योजना आखण्यात आली होती. हजारो घरे पाडावी लागणार असल्याने तिला तीव्र विरोध झाला आणि १९७३ मध्ये ती सोडून देण्यात आली. शहराबाहेरून जाणारा १८८ किलोमीटर लांबीचा 'एम-२५' हा वर्तुळमार्ग १९८६ मध्ये पूर्ण झाला. पण अंदाजापेक्षा कितीतरी अधिक वाहने त्यावर अल्पावधीतच येऊ लागली. नवा रस्ता स्वतःची नवी वाहतूक निर्माण करतो, हे निरीक्षण अभ्यासक पूर्वीपासून नोंदवत होते. 'एम-२५' हे त्याचे ठळक उदाहरण ठरले.

सिंगापूरचा पूर्वानुभव

प्रत्यक्ष शुल्क आकारण्याचा पहिला मोठा प्रयोग लंडनच्या २८ वर्षे आधी आशियात झाला. सिंगापूरने २ जून १९७५ पासून शहराच्या व्यापारी भागाभोवती सीमा आखली आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी आत येणाऱ्या मोटारींना परवाना बंधनकारक केला. दिवसाचा परवाना तीन सिंगापूर डॉलरचा होता. तो मोटारीच्या पुढच्या काचेवर लावायचा आणि प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्यांनी तो नजरेने तपासायचा, अशी साधी पद्धत होती. चार किंवा अधिक जण बसलेल्या मोटारींना शुल्क माफ होते. या निर्बंधाच्या वेळेत आत येणाऱ्या वाहनांची एकूण संख्या ४० टक्क्यांहून अधिक घटली.

सीमेबाहेर मोटार ठेवून पुढे बसने जाता यावे, यासाठी वाहनतळही उभारण्यात आले होते. लोकांनी मात्र त्यांच्याकडे पाठ फिरवली. ज्यांनी मोटार सोडली त्यांनी घराजवळूनच बस पकडणे पसंत केले. नेहमीची बससेवा घराजवळ आणि भरवशाची असली पाहिजे, हा धडा या प्रयोगातून मिळाला. सिंगापूरने १९९० मध्ये नव्या मोटारींच्या नोंदणीवरच संख्येची मर्यादा घातली, १९९८ मध्ये परवान्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली आणि फेब्रुवारी २०१८ पासून मोटारींच्या संख्येतील वार्षिक वाढीची मर्यादा शून्यावर आणली.

लंडनची तयारी

लंडनची महानगर परिषद १९८६ मध्ये बरखास्त झाल्यानंतर चौदा वर्षे या शहराला एकत्रित लोकनियुक्त कारभार नव्हता. नव्या कायद्यानुसार मे २००० मध्ये थेट महापौरपदाची निवडणूक झाली आणि अपक्ष उमेदवार केन लिव्हिंगस्टन विजयी झाले. गर्दी शुल्काचे आश्वासन त्यांनी निवडणुकीपूर्वीच दिले होते. बस, भुयारी रेल्वे आणि प्रमुख रस्ते यांचा कारभार पाहण्यासाठी 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ही एकच संस्था स्थापन झाली होती. शुल्क आकारणारी आणि बसगाड्या चालवणारी संस्था एकच असणे ही पुढील यशाच्या दृष्टीने निर्णायक बाब ठरली.

त्या काळी मध्य लंडनमधील दिवसाचा सरासरी वेग ताशी १४ ते १५ किलोमीटरच्या आसपास होता. विशेष म्हणजे सकाळी मध्य लंडनमध्ये येणाऱ्या दहा लाखांहून अधिक लोकांपैकी सुमारे ८५ टक्के लोक रेल्वे, भुयारी रेल्वे किंवा बसने येत असत. म्हणजे रस्त्याचा मोठा भाग अल्पसंख्य मोटारवाल्यांनी व्यापला होता आणि त्यांच्यामागे बसमधील बहुसंख्य प्रवासी अडकून पडत होते. शुल्काच्या बाजूने केलेला सर्वांत प्रभावी युक्तिवाद हाच होता.

विरोधही तीव्र होता. वेस्टमिन्स्टर नगर परिषदेने योजनेला न्यायालयात आव्हान दिले. जुलै २००२ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले. योजना फसेल आणि सीमेबाहेरील रस्ते तुंबतील, असे भाकीत अनेक वृत्तपत्रांनी वर्तवले होते. प्रशासनाने सावधगिरी म्हणून शाळांच्या सुटीचा आठवडा आरंभासाठी निवडला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शुल्क लागू होईपर्यंत सुमारे ३०० जादा बसगाड्या रस्त्यावर आणण्यात आल्या होत्या.

योजनेचे स्वरूप

अंतर्गत वर्तुळमार्गाच्या आतील सुमारे २१ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी ही योजना होती. बृहन्लंडनच्या एकूण क्षेत्रफळाच्या तुलनेत हा भाग दीड टक्क्याहूनही कमी आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते सायंकाळी ६.३० या वेळेत या भागात वाहन आणल्यास दिवसाला पाच पौंड भरावे लागत. दूरध्वनी, इंटरनेट, मोबाइल संदेश किंवा दुकानातून पैसे भरता येत. रस्त्यात कोठेही नाके उभारले नव्हते. सीमेवरील आणि आतील कॅमेरे वाहनांचे क्रमांक टिपत आणि शुल्क भरलेल्या वाहनांच्या यादीशी ते ताडून पाहिले जात. शुल्क चुकवणाऱ्याला ८० पौंड दंड होता. तो लवकर भरल्यास निम्मा होई.

बस, काळ्या टॅक्सी, दुचाकी आणि अपंग परवानाधारकांची वाहने यांना शुल्क माफ होते. सीमेच्या आत राहणाऱ्या नागरिकांना ९० टक्के सवलत होती. मिळणारे निव्वळ उत्पन्न पहिली दहा वर्षे वाहतूक सुधारणेवरच खर्च करण्याचे बंधन कायद्याने घातले होते. या अटीमुळे, सरकारी तिजोरी भरण्यासाठीच हा कर लावला असल्याच्या टीकेला काही प्रमाणात उत्तर मिळाले.

पहिल्या वर्षाचे परिणाम

पहिल्या वर्षात सीमेच्या आत येणाऱ्या चारचाकी व त्याहून मोठ्या वाहनांची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी घटली. कोंडीमुळे होणारा विलंब सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. संख्येतील घट तुलनेने कमी असूनही विलंबात एवढा फरक पडला, याचे कारण रस्त्याच्या स्वभावात आहे. रस्ता क्षमतेच्या काठावर भरलेला असतो तेव्हा शेवटी आलेली थोडी वाहनेच संपूर्ण प्रवाह रोखून धरतात. तेवढी बाजूला झाली तरी प्रवाह मोकळा होतो.

मोटार सोडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक सार्वजनिक वाहतुकीकडे वळले. काहींनी सीमेबाहेरचा मार्ग धरला, तर काहींनी प्रवासाची वेळ बदलली. सकाळी या भागात बसने येणाऱ्या प्रवाशांची संख्या एकतृतीयांशाहून अधिक वाढली. ही वाढ केवळ शुल्कामुळे झाली नव्हती. सुधारलेल्या बससेवेचाही त्यात निम्म्याच्या आसपास वाटा होता. सीमेबाहेरील रस्ते तुंबण्याचे भाकीत खरे ठरले नाही.

व्यापाऱ्यांच्या तक्रारींबाबत मात्र निष्कर्ष काढणे कठीण गेले. जानेवारी २००३ मध्ये झालेल्या अपघातामुळे ऑक्सफर्ड स्ट्रीटखालून जाणारा भुयारी रेल्वेचा सेंट्रल मार्ग सुमारे तीन महिने बंद होता. त्यामुळे त्या काळात दुकानांतील गर्दी कमी होण्यामागे शुल्क किती आणि रेल्वेबंदी किती, हे वेगळे करता आले नाही.

मोकळी झालेली जागा कोणाची?

योजनेच्या मूल्यमापनातील सर्वांत बोलका भाग पुढील काही वर्षांतला आहे. २००५ मध्ये शुल्क आठ पौंड झाले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये केन्सिंग्टन व चेल्सी या पश्चिमेकडील भागांपर्यंत सीमा वाढवण्यात आली. तरीही २००८ पर्यंत मध्य भागातील कोंडी जवळजवळ शुल्कापूर्वीच्या पातळीवर परतली. टीकाकारांनी योजना अपयशी ठरल्याचे म्हटले. परंतु आत येणाऱ्या वाहनांची संख्या शुल्कापूर्वीच्या तुलनेत कमीच राहिली होती. बदल झाला होता तो वाहनांना मिळणाऱ्या जागेत.

जमिनीखालच्या जुन्या जलवाहिन्या आणि वायुवाहिन्या बदलण्यासाठी मोठ्या प्रमाणावर रस्ते खोदण्यात आले. त्याच काळात प्रशासनाने जागेचे जाणीवपूर्वक फेरवाटपही केले. ट्राफल्गर चौकाच्या उत्तरेकडील रस्ता २००३ मध्ये वाहनांसाठी बंद करून चौक राष्ट्रीय कलादालनाला जोडण्यात आला. ठिकठिकाणी बससाठी राखीव मार्गिका आखल्या गेल्या, चौकांतील पादचाऱ्यांचा ओलांडण्याचा वेळ वाढवण्यात आला आणि पुढे २०१६ मध्ये थेम्स नदीच्या काठाने सायकलींचा स्वतंत्र मार्ग सुरू झाला. मोटारचालकाला कोंडी तशीच दिसत असली तरी त्याच रस्त्यावरून आता अधिक माणसे जात होती.

याउलट, जेथे जागेवर कोणाचाही हक्क ठरवला नव्हता तेथे ती इतर वाहनांनी व्यापली. खासगी भाड्याच्या मोटारींना एप्रिल २०१९ पर्यंत शुल्क माफ होते. मोबाइल फोनवरून बोलावता येणाऱ्या टॅक्सी लोकप्रिय झाल्यानंतर अशा मोटारींची संख्या झपाट्याने वाढली आणि शुल्काने कमी केलेली गर्दी काही अंशी याच दाराने परत आली. अखेर ही सवलत काढून घ्यावी लागली. विजेवर चालणाऱ्या मोटारींनाही अनेक वर्षे सूट होती. अशा मोटारी धूर सोडत नसल्या तरी रस्त्यावर जागा तेवढीच व्यापतात, हा मुद्दा पुढे चर्चेत आला.

आक्षेप आणि मर्यादा

शुल्क सर्वांना सारखेच असल्याने श्रीमंताला ते जाणवत नाही आणि अल्प उत्पन्नाच्या मोटारचालकाला ते जड जाते, हा आक्षेप आरंभापासून घेतला जातो. रात्रपाळीचे कामगार आणि अवजारे घेऊन फिरणारे कारागीर यांच्या बाबतीत तो खरा आहे. मात्र मध्य लंडनमध्ये मोटारीने येणारा वर्ग सरासरीपेक्षा सधन होता आणि शुल्काचा पैसा प्रामुख्याने बससेवेकडे वळवण्यात आला. त्यामुळे योजनेचा एकूण भार आणि लाभ यांचा हिशेब केवळ शुल्काच्या रकमेवरून मांडता येत नाही.

यंत्रणेचा खर्च हा दुसरा आक्षेप होता. सुरुवातीच्या वर्षांत जमा रकमेचा मोठा हिस्सा कॅमेरे, हिशेब आणि वसुली यांवरच खर्च झाला. पश्चिमेकडील विस्तारही टिकला नाही. मे २००८ मध्ये निवडून आलेले महापौर बोरिस जॉन्सन यांनी रहिवाशांची मते मागवून तो रद्द केला आणि डिसेंबर २०१० नंतर त्या भागात शुल्क आकारणे थांबले. मूळ क्षेत्रातील शुल्क मात्र त्यांनीही कायम ठेवले, इतकेच नव्हे तर वाढवले. २०२० मध्ये ते १५ पौंड झाले.

हवेच्या प्रदूषणावर या योजनेचा परिणाम मर्यादित राहिला. त्यासाठी एप्रिल २०१९ मध्ये धूरमानकांवर आधारित स्वतंत्र शुल्क सुरू झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते संपूर्ण लंडनला लागू करण्यात आले. या दोन शुल्कांची गल्लत होऊ नये. पहिले जागेसाठी आहे, दुसरे धुरासाठी.

स्टॉकहोमचा कौल

अशा योजनेला जनतेचा पाठिंबा मिळतो का, याचे उत्तर स्वीडनच्या राजधानीने वेगळ्या पद्धतीने शोधले. स्टॉकहोममध्ये ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात शुल्क प्रायोगिक तत्त्वावर लागू करण्यात आले. त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, सुमारे २०० नव्या बसगाड्या आणण्यात आल्या होत्या. प्रयोगाच्या काळात सीमा ओलांडणारी वाहने २० टक्क्यांहून अधिक घटली आणि प्रयोग संपताच संख्या पुन्हा वाढली. दोन्ही स्थिती नागरिकांनी स्वतः अनुभवल्या.

प्रयोगापूर्वी बहुसंख्य नागरिक शुल्काच्या विरोधात होते. १७ सप्टेंबर २००६ रोजी झालेल्या सार्वमतात मात्र शहरातील निम्म्याहून किंचित अधिक मतदारांनी त्याच्या बाजूने कौल दिला. शहराबाहेरील अनेक नगरपालिकांचा कौल विरोधात गेला होता. १ ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झाले. इटलीतील मिलान शहराने जानेवारी २०१२ मध्ये अशीच योजना सुरू केली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने अनेक वर्षांच्या वादानंतर ५ जानेवारी २०२५ रोजी मॅनहॅटनच्या दक्षिण भागासाठी नऊ डॉलरचे शुल्क लागू केले.

भारतातील स्थिती

केंद्र सरकारने २००६ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. त्याच वर्षी पुण्यात कात्रज, स्वारगेट आणि हडपसर यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर बससाठी वेगळ्या मार्गिकांचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. २००८ मध्ये दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका देण्यात आली. मोटारींची जागा कमी झाल्याने मोटारचालकांनी तिला कडाडून विरोध केला. मार्गिकेविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये फेटाळली. तरीही पुढे राज्य सरकारने ती मोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ मध्ये ती हटवण्यात आली.

त्याच वर्षी १ ते १५ जानेवारी या काळात दिल्लीत सम-विषम क्रमांकांची योजना राबवण्यात आली. एप्रिल २०१६ आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तिची पुनरावृत्ती झाली. दुचाकी आणि महिला चालकांसह अनेकांना तीत सूट होती. अशी योजना थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडते. दीर्घकाळ चालवल्यास पळवाटा निघतात. मेक्सिको सिटीमध्ये १९८९ पासून क्रमांकानुसार मोटारबंदी लागू झाली, तेव्हा अनेक कुटुंबांनी दुसरी, बहुधा जुनी मोटार घेऊन तिच्यातून वाट काढली.

शहराचा एखादा भाग मोटारमुक्त करण्याची उदाहरणे मात्र भारतातही आहेत. दिल्लीच्या चांदणी चौकाचे नूतनीकरण करून २०२१ मध्ये तेथे सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटारवाहनांना बंदी घालण्यात आली. चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये रुंद पदपथांचा पादचारी मार्ग खुला झाला.

गर्दी शुल्काचा विचार भारतीय शहरांतही वेळोवेळी मांडला गेला आहे. त्याच्या बाजूने एक आकडा पुरेसा बोलका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील केवळ ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती, २१ टक्क्यांकडे दुचाकी आणि सुमारे ४५ टक्क्यांकडे सायकल. महानगरांत मोटारींचे प्रमाण याहून अधिक असले आणि त्यानंतर ते वाढले असले, तरी रस्त्याचा सर्वांत मोठा भाग अल्पसंख्य कुटुंबांच्या वाहनांना मिळतो, ही लंडनसारखीच स्थिती येथेही आहे.

फरक पूर्वतयारीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीतील बसगाड्यांची संख्या १ एप्रिल २००१ पर्यंत दहा हजारांवर नेण्याचा आदेश दिला होता. मुदतीत तो पूर्ण झाला नाही. लंडन आणि स्टॉकहोम या दोन्ही शहरांत बसगाड्या आधी आल्या आणि शुल्क नंतर आले. हा क्रम उलटला तर मोटार सोडणाऱ्याला बसथांब्यावर उभे राहण्यावाचून पर्याय उरत नाही आणि शुल्क हा केवळ दंड ठरतो. बस पुरेशा असतील, शुल्काचा पैसा त्याच सेवेकडे जाईल आणि मोकळ्या होणाऱ्या रस्त्यावर पदपथ, बस व सायकल यांची जागा आधीच आखलेली असेल, तर मोटारी कमी करण्याचा उपाय शहरातील बहुसंख्य लोकांच्या उपयोगी पडतो, असे या शहरांचा अनुभव सांगतो.